चौदा आडवे

शब्दकोड्याने माझा जीव वाचवला.

हे वाक्य आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात माइकवरून म्हटले गेले आहे, एका मानपत्रात छापले गेले आहे आणि माझ्या मेंदूच्या डॉक्टरांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांना माझ्याकडे बोट दाखवून ऐकवले आहे. काही महिने मीही ते मान्य केले होते. ज्यांच्या घरी कुणाला पक्षाघात झाला आहे, कुणाच्या तोंडचे शब्द गेले आहेत, त्यांना थोडाफार उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. तेव्हा जे झाले ते क्रमाने सांगते.

दहाचा फोन

मी धारला राहते, एकटी. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याला सहा वर्षे झाली. यजमान त्याच्या आधीच गेले. धाकटा भाऊ दिनू देवासला असतो. तिथल्या एका कारखान्यात त्याने तीस वर्षे माल तपासून पास-नापास केला, आणि तो आवाज त्याने निवृत्तीनंतरही परत केलेला नाही.

चाळीस वर्षांहून जास्त काळ आम्ही दोघे दोन गावांत बसून एकच शब्दकोडे सोडवतो. मराठी पेपर आमच्याकडे महाराष्ट्रातून येतो, म्हणून एक दिवस शिळा येतो. कोडे शिळे होत नाही. आडवे शब्द माझे, उभे त्याचे. उभ्यांच्या सूचना मी वाचत नाही. त्यांच्यावर चष्म्याचे घर ठेवते. तो आडव्यांवर अडकित्ता ठेवतो. सकाळी दहाला त्याचा फोन येतो आणि आम्ही एकमेकांची अक्षरे देतो-घेतो. देवासला एके काळी एका गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या कोड्याचा कारभार तसाच.

कायदा एकच. कुणी आपल्या शब्दाला ‘पक्का’ म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, मुकाट अक्षर घ्यायचे. हा कायदा मी तोवर कधी मोडला नव्हता.

गणपती नुकतेच गेले होते. चौदा आडवे, तीन अक्षरे, सूचना: ‘कळपातले लहानगे’.

“कोकरू,” मी म्हटले.

“नाही बसत. शेवटी म आहे.”

“कोकरू.”

“ताई, म. माझा नऊ उभा पक्का आहे.”

“असेल पक्का. कोकरू.”

“अगं, पक्का म्हणतोय ना मी?”

“कोकरू!”

“तुला बरं वाटतंय ना? तोच तोच शब्द काय म्हणतेस?”

“कोकरू,” मी म्हटले आणि फोन ठेवून दिला.

मी तशी भांडकुदळ नाही. पण रात्री झोप नीट झाली नव्हती, आणि सकाळी सकाळी नापास व्हायची इच्छा नव्हती.

पेन

चहा केला, प्यायले. कप विसळला. मग पुन्हा टेबलाशी बसून कोकरू हा शब्द पेनाने, ठळक लिहायचा असे ठरवले. एरवी मी पेन्सिल वापरते.

‘को’ लिहिला. मग पेन बोटांतून निसटले आणि कागदावर एक लांब निळी रेघ ओढत खाली गेले. मी पेनाकडे रागाने पाहिले. उचलायला हात पुढे केला. हात गेला नाही. तो माझ्याच मांडीवर पडून होता, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहून जावी तसा.

घाबरायला मला जरा वेळच लागला. आधी वाटले, हाताला मुंग्या आल्या असतील. मग वाटले, उठून पाणी प्यावे. उठता येईना, तेव्हा समजले.

फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन हातांचे अंतर, आणि कामाचा हात एकच.

तेवढ्यात दार वाजले. शेजारचे पाटीदार भिया. त्यांच्याकडे माझ्या घराची एक किल्ली असते. दार उघडून ते आत आले आणि उंबऱ्याशीच थबकले.

“कंई हुओ मैडम? देवास से दिनू भिया को फोन आयो, के ताई एकज बात बोली री हे…”

मी ‘या, बसा’ म्हणायला गेले. तोंडातून जे बाहेर पडले ते कोणत्याही भाषेतले नव्हते. त्यांचा चेहरा पाहून माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळले.

पाटीदार भियांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. बायकोला हाक मारली, दोघांनी मला खुर्चीसकट उचलले आणि गाडीत घातले.

रस्ता

धार ते इंदूर हा रस्ता मी शेकडो वेळा गेले आहे. त्या दिवशी तो संपत नव्हता. फोन स्पीकरवर होता आणि दिनू देवासहून निघाला होता. एका टोकाने तो इंदूरला येत होता, दुसऱ्या टोकाने मी.

“ताई, ऐकतेस ना? काहीतरी बोल.”

मला सगळे ऐकू येत होते. घाटाबिल्लोद मागे पडले ते दिसले. पुढच्या ट्रकवर काय लिहिले आहे ते दिसत होते, पण वाचता येत नव्हते. अक्षरे नुसती रांगोळीसारखी होती. हे मला हातापेक्षा भयंकर वाटले. हाताशिवाय माणूस राहू शकतो असा माझा समज होता. अक्षरांशिवाय कसे राहायचे, याचा मी विचारच केला नव्हता.

“ताई, नुसतं हूं म्हण.”

मी हूं म्हणाले. निदान तसे मला वाटले.

“भिया, जल्दी,” दिनू म्हणाला. “गाड़ी भगाओ.”

“भगई रियो हूँ भिया. बेटमा निकली गयो.”

पक्का

इंदूरच्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात दिनू उभा होता. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कब से है? एकदम सही टाइम बताइए.”

“दस बजकर दस मिनट,” दिनू म्हणाला.

“इतना पक्का कैसे?”

“हमारा चौदह आड़ा उसी टाइम पर आता है.”

डॉक्टरांनी वर पाहिले. दिनूने एका दमात सगळे सांगितले. कोडे, फोन, तोच तोच शब्द.

“कौन सा शब्द?”

“कोकरू.”

“मतलब?”

“मेमना.”

डॉक्टरांनी लिहून घेतले. माझ्या केसपेपरवर आजही इंग्रजीत नोंद आहे की रुग्ण सकाळपासून वारंवार कोकरू म्हणत होती.

स्कॅन झाला. मग डॉक्टर दिनूला माझ्या खाटेशीच घेऊन आले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. ठरावीक तासांच्या आत द्यावे लागते, आणि वेळ अजून हातात आहे. गुण येऊ शकतो. डोक्यात रक्तस्रावही होऊ शकतो; मग काही सांगता येत नाही. सही हवी.

दिनूच्या हातात पेन होते. आयुष्यभर ‘पक्का’ हा शब्द जपून वापरलेला माणूस. तो खाली वाकला.

“ताई, देऊ का? पक्कं?”

मला उत्तर माहीत होते आणि ते सांगायला तोंड नव्हते. मी डाव्या हाताने त्याचे मनगट धरले आणि दाबले. एकदा. मग वाटले, हे नकारार्थी वाटू नये. म्हणून पुन्हा दाबले. मग वाटले, दोनदा दाबणे म्हणजे काय हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते.

त्याने सही केली.

पहिला शब्द

हात तीन-चार दिवसांत बराचसा परत आला. रुग्णालयाचा दिनक्रम असा: पहाटे रक्त, मग स्पंजिंग, मग पातळ खिचडी, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ती फेरी म्हणजे दरबार होता. पुढे साहेब, मागे सहाजण, सर्वांत मागे फायली धरलेली परिचारिका. साहेब खाटेशी थांबले की नातेवाईक आपोआप उभे राहत. मीही उठून बसायचा प्रयत्न करी. त्यांनी ती माझ्या तब्येतीतली सुधारणा समजून नोंदवली.

तिसऱ्या दिवशी मी बोलले. “पानी,” म्हटले. परिचारिका आनंदली. दुपारी दिनू आला तेव्हा त्याला सांगावेसे वाटले, मी बरी आहे, तू रडू नकोस.

“मैं ठीक हूँ,” मी म्हणाले.

तो हसला, मान हलवली आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेला.

हे बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. आमचे वडील घरात हिंदी बोलू देत नसत. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. जेवताना कुणाच्या तोंडून हिंदी शब्द निघाला तर त्याच्या पानातले गोड दुसऱ्याच्या पानात जाई. दिनूचे बालपण माझ्या श्रीखंडावर गेले. त्यामुळे आम्ही दोघे जन्मात एकमेकांशी हिंदी बोललो नव्हतो.

आणि आता माझ्याकडे हिंदीच होती. रोज थोडी थोडी वाढत होती. मराठी कानांनी कळे, तोंडापर्यंत येत नसे. काही म्हणायला गेले की हिंदी शब्द धावत पुढे येऊन उभा राही. देवनागरी तीच, पण हिंदी वाक्य बोट ठेवून वाचता येई. मराठी वाचायला घेतले की अक्षरे पुन्हा सुटी सुटी होत.

दिनूने मोठ्या डॉक्टरांना विचारले. “मराठी आएगी?”

“आ भी सकती है, नहीं भी,” ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर थोपटून, “भाषा कोई भी हो माताजी, बात तो हो रही है न!”

मागच्या सहाजणांनी माना डोलावल्या. भेटायला येणाऱ्यांचेही तेच मत. जीव वाचला, बोलता येते, आणखी काय पाहिजे? बरोबरच होते त्यांचे. म्हणून मी कुणाला सांगितले नाही की मला काय पाहिजे.

शेजारच्या खोलीतून

देवासला दिनूच्या घरी मी साडेतीन महिने राहिले. त्याची बायको मंगल मला जुन्या रीतीने ‘वन्सं’ म्हणते. तिने हाटपिपल्याच्या नृसिंहाला काहीतरी बोलून ठेवले होते. काय, ते तिने सांगितले नाही. आठवड्यातून तीनदा वाचा शिकवणारी मुलगी येई. चित्रे दाखवी, मी नावे सांगे. सगळे हिंदीत, तिला मराठी येत नव्हती. तिच्या हिशोबात माझी प्रगती उत्तम होती.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहाला माझा मोबाइल वाजला. दिनूचा फोन. दिनू शेजारच्या खोलीत होता.

“हं, ताई. एक आडवे?”

मंगल माझ्याजवळ बसून आडव्यांच्या सूचना वाचे. उभ्यांवर तिने माझ्या चष्म्याचे घर ठेवले होते. मी गप्प. तो त्याची अक्षरे देई. “पहिलं स. तिसरं ळ.” मग थांबे. त्याने एकदाही उत्तर सांगितले नाही, हिंदी चालेल म्हटले नाही. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येई आणि दारापलीकडूनही.

“थोरल्या पातीचा कारभार आज बंद दिसतोय,” तो पाचव्या दिवशी म्हणाला.

मला इतका राग आला की शिवी सुचली. हिंदीत.

असे दहा दिवस चालले. अकराव्या दिवशी मी फोन उचलला नाही. रिंग संपली. पुन्हा वाजली. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मंगल जमिनीवर बसून दोडके चिरत होती. ती न बघता म्हणाली, “घ्या हो वन्सं. ते तिथे एकटे बसलेत.”

मी उचलला.

“सहा आडवे,” दिनू म्हणाला. आवाज जरा बसलेला होता. “दोन अक्षरं. पहिलं वि.”

मंगलने चिरता चिरता सूचना वाचली. “भाजी चिरण्याचे साधन.” वाचली, आणि दोडका हातात तसाच धरून बसली.

मी नेहमीप्रमाणे हिंदीची वाट पाहिली. ती आली नाही. त्या वस्तूला हिंदीत काय म्हणतात ते मला आयुष्यात कधी माहीतच नव्हते. आमच्या शेजारणी सुरी वापरतात. जागा रिकामी होती. पहिल्यांदाच तिथे धावत येऊन कुणी उभे राहिले नव्हते.

“विळी,” मी म्हणाले.



“पक्की?” दिनूने विचारले.

“पक्की.”

मंगलने डोळ्यांना पदर लावला आणि वर म्हणाली की दोडका कडू निघाला.

त्या संध्याकाळी दिनूने एक वही केली. ज्यांना हिंदीत सरळ शब्द नाही, किंवा असला तरी मला येत नाही, अशा मराठी शब्दांची. खमंग, लगबग, डोहाळजेवण, उंबरठा, हुरहूर. मंगलच्या माहेरचे जुने जुने शब्द. वाचा शिकवणाऱ्या मुलीने वही पाहिली आणि हसली. “अंकल, ये तो हमारे कोर्स में ही नहीं है.” पण तीही मग त्यातले शब्द विचारू लागली, चुकीच्या उच्चारात. तिला सुधारता सुधारता मी पहिले पूर्ण मराठी वाक्य बोलले. ते फारसे सभ्य नव्हते.

या आजारात असलेल्यांना मी एवढेच सांगेन. कोड्यांनी मेंदू तल्लख राहतो म्हणतात. चाळीस वर्षे सोडवूनही माझ्या मेंदूत गुठळी अडकली. कोड्यांनी मला दिली ती एक सवय: रिकाम्या चौकटीसमोर न घाबरता बसून राहायची. आज नाही भरली तर उद्या दुसऱ्या बाजूने एखादे अक्षर येते. आणि ते अक्षर पाठवणारे कुणीतरी दिले. तो माणूस दहा वाजता फोन करतो. हे औषधांच्या दुकानात मिळत नाही.

सत्कार

डिसेंबरात समाजाच्या स्नेहसंमेलनात दिनूचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चौकटीतले मानपत्र. अध्यक्ष चाळीस मिनिटे बोलले. बहिणीच्या तोंडून एक विसंगत शब्द ऐकताच ज्याने मैलांवरून मृत्यूची चाहूल ओळखली असा बंधू, असे ते म्हणाले. शब्दकोडे ही मेंदूची संजीवनी, असेही म्हणाले. दिनू मान खाली घालून बसला होता. मला दोन शब्द बोलायला उभे केले. मी अक्षरशः दोनच बोलले, “आभारी आहे,” आणि खाली बसले. टाळ्या अध्यक्षांपेक्षा जास्त पडल्या. लवकर संपल्याच्या असाव्यात.

परत धारला

जानेवारीत मी माझ्या घरी आले. पाटीदार भियांच्या बायकोने घर झाडून ठेवले होते आणि साडेतीन महिन्यांचे पेपर दोरीने बांधून टेबलावर रचले होते. सर्वांत खाली तो पेपर होता. अर्धवट ‘को’, आणि तिथून निघून मृत्युवार्तांच्या रकान्यातून खाली गेलेली निळी रेघ.

त्याच्यावरचा पेपर उघडलेलाही नव्हता. कोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी छापतात. त्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे इंदूरला होतो, आणि नंतर कुणाला आठवणही झाली नाही.

मी चष्मा लावला. मंगल नव्हती, दिनू नव्हता. बोट ठेवून, एकेक ओळ, मराठीत. अक्षरे सुटली नाहीत. मदतीशिवाय संपूर्ण वाचलेला तो माझा पहिला मजकूर.

चौदा आडवे: कोकरू.

पुन्हा वाचले. तेच होते. मग चाळीस वर्षांत प्रथमच चष्म्याचे घर बाजूला केले आणि आदल्या पेपरातल्या उभ्यांच्या सूचना पाहिल्या. नऊ उभे, दोन अक्षरे, ‘पुष्कळ बियांचे हिरवे फळ’. उत्तर: पेरू.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्या माळव्यात पेरूला जाम म्हणतात. बाजारात जाम, ठेल्यावर जाम, आणि दिनूच्या घरातही जाम. दोन अक्षरे, शेवटी म. पक्का.

मी खुर्चीत बसून राहिले. दहा वाजून दहा मिनिटांनी मला काहीही झालेले नव्हते. मी चहा केला होता, कप विसळला होता. पेन पडले ते साडेदहानंतर. दिनूने पेरू लिहिला असता तर तो म्हणाला असता, “कोकरू, बरोबर,” आणि फोन ठेवून आंघोळीला गेला असता. दार वाजले नसते. मी सापडले असते दुसऱ्या दिवशी, दूधवाल्याला.

पेपर घडी करून मी पुन्हा गठ्ठ्याखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला.

“हं, ताई. एक आडवे?”

“दिनू,” मी म्हटले, “घरी पेरू आहेत का रे?”

“जाम? आहेत की, मंगलने कालच आणले. का गं?”

“काही नाही. एक आडवे, परडी.”

“पक्का?”

“पक्का.”

मानपत्र देवासला बैठकीच्या खोलीत, दिनूच्या खुर्चीच्या वर टांगलेले आहे. त्यात बंधुप्रेम, सतर्कता, मायमराठी आणि शब्दकोडे या सर्वांचा गौरव आहे. पेरूचा उल्लेख नाही.